गेलेल्या मित्राबद्दल लिहायचं आहे – उधारीसकट लिहू का?

पाऊलवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण हे कुठे विचारावं कळेना म्हणून धागा काढतोय.

आमचा एक मित्र गेल्या वर्षी गेला. वय ३८. चार दिवस "पित्त झालंय" म्हणत छाती चोळत हिंडत होता, पाचव्या दिवशी जिन्यात कोसळला. त्याला आम्ही सरपंच म्हणायचो. चार माणसं जमली की बैठक आपोआप त्याच्या ताब्यात जायची, म्हणून ते नाव. सहा फूट दोन इंच उंची, आणि आवाज असा की याला बोलायला फोन कशाला लागतो, असं लोक विचारायचे. रेल्वेच्या डब्यात शिरला की दोन स्टेशनांत अर्ध्या डब्याची कुंडली याच्याकडे. आणि दांडगाई! कुठेही गेलो तरी माझ्या उजव्या हाताची खुर्ची यालाच हवी. तिथे कुणी बसलेलं असलं तर सरळ उठवायचा. एकदा एका लग्नात नवऱ्याच्या मामांना उठवलं होतं.

तर मुद्दा. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. वहिनींनी आम्हा अकरा मित्रांना सांगितलंय की प्रत्येकाने दोन-चार पानं लिहून द्या, मोठी झाल्यावर वाचेल. नऊ जणांची आली. एकत्र करायचं काम माझ्याकडे, म्हणून सगळी वाचली. नऊ जणांत मिळून किस्से चारच. मामांचा किस्सा तर सहा ठिकाणी आहे, आणि सहाव्या ठिकाणी मामांच्या जागी नवरदेवच उठलाय.

दहावा लिहिणारा मी. माझं पान कोरं आहे. कारण असं, की त्याने माझ्याकडून पैसे घेतले होते. बरेच. दोन वर्षं मी काही बोललो नाही. मग तो फोन घेईनासा झाला, आणि एका रात्री मी सगळ्यांच्या ग्रुपवर जे लिहायला नको होतं ते लिहिलं. त्यानंतर सात महिने आम्ही बोललो नाही. आणि मग जिना.

हे लिहू का? की मीही मामांचा किस्सा लिहून मोकळा होऊ?

उंटावरचा_शहाणा

पहिलंच वाक्य लिहा: "तुझ्या बाबाकडे माझे पैसे आहेत." पोरगी पुढचं सगळं वाचेल याची हमी.

निवांत

उंटावरून उतरा जरा, माणूस दुःखात आहे.

पाऊलवाट, पैशाचं लिहू नका. चार वर्षांच्या मुलीला बाप आठवणारसुद्धा नाही. तिच्या हातात जे काही येईल ते तुम्ही अकरा जण द्याल तेवढंच. त्यात उधारीची पावती कशाला? गेलेला माणूस आपली बाजू मांडायला येऊ शकत नाही. तुमची तक्रार खरी असेल, पण आता ती एकतर्फी आहे.

गोगलगाय

निवांत, असहमत. माणूस बाजू मांडायला येत नाही हे खरं, पण मग त्याला नऊ जणांनी देव केलंय तेही एकतर्फीच ना?

मामांच्या जागी नवरदेव आला यात नवल नाही. बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक अनोळखी गोष्ट वाचायला देऊन पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती, त्याचे निष्कर्ष १९३२ साली प्रसिद्ध झाले. दर वेळी गोष्ट आखूड होत गेली, विचित्र तपशील गळले, आणि सांगणाऱ्याला सोयीचं, ओळखीचं असं काहीतरी त्या जागी येऊन बसलं. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. तुमच्या सरपंचाचं तेच चाललंय. अजून दहा वर्षांनी तो सात फुटी होईल आणि चार किश्शांचे दोन उरतील.

काजवा

मी त्या मुलीच्या जागी होते, म्हणून लिहिते.

माझे बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. ते असेच. गोतावळा मोठा, आवाज मोठा, घरात सतत माणसं. मला त्यांचं काहीच आठवत नाही. जे आठवतं असं वाटतं ते फोटोतलं आहे. लहानपणापासून त्यांचे मित्र भेटले की डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "तुझा बाप म्हणजे वाघ होता वाघ." आणि मग तेच पाच किस्से. मला ते त्यांच्या विरामांसकट पाठ आहेत. एका काकांना तर मी मधला शब्द सुचवायचे.

पण मला हवं होतं ते कुणी सांगितलंच नाही. ते आजारी पडले की चिडचिड करायचे की गप्प पडून राहायचे? अक्षर कसं होतं? कुणाला घाबरायचे? कुणाशी भांडले आणि ते भांडण मिटलं का? पंचविशीत मी एका मित्राला धरून बसवलं आणि म्हटलं, एक तरी वाईट गोष्ट सांगा. ते आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, "गाडी चालवताना तो रस्त्यावरच्या प्रत्येकाला शिव्या द्यायचा. आणि बुटाची नाडी कधी नीट बांधायचा नाही, आत कोंबायचा." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मला एक बाप होता. वाघ नव्हे, नाडी कोंबणारा.

मीसुद्धा नाडी आतच कोंबते. ही सवय त्यांच्यावरून आली असं नाही म्हणत, ते मला शिकवायला नव्हतेच. पण तरी.

पाऊलवाट, लिहा हो. हिशेब म्हणून नाही, पण लिहा.

टाकसाळ

काजवा, हा प्रतिसाद वाचून कामात लक्ष लागेना. वाचनखूण साठवली.

शून्य_प्रहर

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमचा एक जण असाच गेला, ३३ व्या वर्षी, अपघात. त्याचा नंबर ग्रुपमध्ये तसाच ठेवला होता. कुणी काढणार नाही असं न बोलता ठरलं होतं. काही महिन्यांनी एका दुपारी ओळ उमटली, अमुक अमुक ग्रुप सोडून गेले. बारा माणसांचा ग्रुप, दिवसभर कुणी एक अक्षर टाकलं नाही. रात्री एकाने लिहिलं, "या वेळीही न सांगता गेला."

नंतर कळलं की १२० दिवस वापरात नसलेलं व्हॉट्सॲपचं खातं साधारणपणे आपोआप पुसलं जातं. त्यात कुणाचा हात नसतो. पण हे आधी माहीत असतं तर त्या दुपारी पोटात तसा खड्डा पडला नसता.

टाकसाळ

त्याच्या पुढची पायरी माझ्याकडे आहे. वापरात नसलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणाला देते. माझ्या मैत्रिणीचं नाव माझ्या फोनमध्ये तसंच होतं. एक दिवस तिच्या नावापुढे एका टक्कल पडलेल्या गृहस्थांचा फोटो आला, मांडीवर मांजर. ती असती तर या प्रकारावर तिने आठवडा काढला असता. मी अजून नाव बदललेलं नाही. गृहस्थ अधूनमधून स्टेटस टाकतात, मी बघते. मांजर आता बरंच मोठं झालंय.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी: फेसबुकवर २०१५ पासून आपल्या माघारी खातं कुणी सांभाळायचं ते आपणच नेमून ठेवू शकतो. गूगलवर अशी सोय २०१३ पासून आहे. तीन ते अठरा महिन्यांतली मुदत आपण ठरवायची, तेवढ्यात खातं वापरलं गेलं नाही तर आपण सांगितलेल्या लोकांना कळवलं जातं. दहा मिनिटांचं काम आहे. फोटोंसाठी नंतर घरच्यांना जे हेलपाटे पडतात ते तरी वाचतात.

उंटावरचा_शहाणा

मी नेमणूक केली. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आधी वायफायचा पासवर्ड सांग."

पाऊलवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काजवा, तुमचा प्रतिसाद वहिनींना दाखवू का? परवानगी असेल तरच.

शून्य_प्रहर, माझ्याकडे त्याचे व्हॉइस मेसेज आहेत, एकशे चाळीसच्या वर. भांडणाआधीचे. शेवटचा अकरा सेकंदांचा आहे. त्यात तो काही सांगायला लागतो, मध्येच कुणीतरी त्याला काहीतरी बोलतं आणि तो जो हसायला लागतो तो संपेपर्यंत. काय सांगायचं होतं ते राहिलंच. मला डाव्या कानाने लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नाही, चारचौघांत मी ते सांगतही नाही. पण त्याचं हसणं मला डाव्या बाजूनेही ऐकू यायचं. ऐकू म्हणजे, जाणवायचं.

त्या दिवशी जिन्यात त्याच्याबरोबर आमच्यातला एक जण होता. त्याने चेहऱ्यावर पाणी मारलं, तोंडात पाणी घातलं, हातपाय चोळले. तो आता भेटला की दुसरं काहीच बोलत नाही.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. तुमच्या मित्राला न तपासता काही ठामपणे सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही सांगितलेलं चित्र आम्ही फार वेळा बघतो. म्हणून थोडं लिहितो. धाग्याचा विषय हा नाही, पण लिहिलंच पाहिजे.

दोन गोष्टींची गल्लत होते. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते तो हार्ट अटॅक. त्यात माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दाब येतो, घाम फुटतो, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरतं, आणि पुष्कळांना ते पित्तच वाटतं. हृदयाचे ठोके परिणामकारक पडायचे थांबतात तो कार्डिअॅक अरेस्ट. त्यात माणूस क्षणात कोसळतो. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं.

कोसळलेला माणूस हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालू नसेल तर रुग्णवाहिकेला फोन, आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबायला सुरुवात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. यातलं काहीच झालं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अशा वेळी माणूस अधूनमधून घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा श्वास घेतो. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे, आणि तो थांबून राहतो. तो खरा श्वास नसतो. तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तुमच्या त्या मित्राला माझा निरोप द्या. शिकवलं नाही तर हे कुणालाच येत नाही. मी पहिल्यांदा रस्त्यात असा प्रसंग पाहिला तेव्हा वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि मी पंधरा-वीस सेकंद नुसता उभा होतो.

शून्य_प्रहर

शेवटच्या परिच्छेदासाठी आभार, डॉक्टर.

निवांत

पाऊलवाट, मला वाटतं तुम्ही अजून रागाच्या टप्प्यात आहात. दुःखाचे पाच टप्पे असतात, नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. स्वीकार आला की लिहिणं आपोआप सोपं होईल. घाई करू नका.

गोगलगाय

पुन्हा मीच, माफ करा, पण हे पाच टप्पे म्हणजे आपल्याकडचं चलनी नाणं झालंय. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. ते स्वतःचं मरण समोर असलेल्यांबद्दल होतं. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटलं. लोक टप्पे ओलांडत रांगेने चालत नाहीत. मित्र गेल्यावर मी एका दिवसात पाचही टप्पे करून दुसऱ्या दिवशी पहिल्यावर यायचो.

त्यापेक्षा मला केनेथ डोका यांचं म्हणणं जवळचं वाटतं. १९८९ साली त्यांनी अशा दुःखाबद्दल लिहिलं ज्याला समाज मान्यताच देत नाही. मित्राचं दुःख त्यातच येतं. नातेवाईक गेला तर रजा मिळते, लोक भेटायला येतात, काय बोलायचं ते ठरलेलं असतं. मित्र गेला तर? मी साहेबांना सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न होता, "कोण लागत होता?" आता याचं काय उत्तर देणार. दुपारच्या मीटिंगला मी हजर होतो. आकडेसुद्धा वाचून दाखवले.

निवांत

मान्य. टप्प्यांबद्दल मी ऐकीव बोललो. "कोण लागत होता" हे मात्र मीही ऐकलंय.

खडूस_काकू

सगळा धागा वाचला. आता दुसरी बाजू ऐका.

माझा नवरा तुमच्या सरपंचासारखा होता. ४१ व्या वर्षी गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. अजूनही लोक भेटतात आणि डोळ्यांत पाणी आणून सांगतात, "वहिनी, त्या रात्री माझी गाडी बंद पडली, तो दोन वाजता आला." "वहिनी, माझ्या बहिणीच्या वेळी तीन दिवस तो दवाखान्यातून हलला नाही." मी मान डोलावते. आणि मनात हिशेब चालू असतो. गाडी बंद पडली ती रात्र म्हणजे धाकट्याला ताप होता ती. दवाखान्यातले ते तीन दिवस म्हणजे मी एकटीने घर बदललं ते. तुमच्या प्रत्येक किश्शात तो तुमच्याकडे आहे. म्हणजे माझ्याकडे नाही. जगाला दिवा आणि घरात काळोख, असं मी त्याला तोंडावर म्हटलंय.

पैसेही तसेच. तो उधार घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. ज्याने दिले त्याला वाटायचं उडवले, ज्याला मिळाले त्याला वाटायचं याच्याकडे खाण आहे. मध्ये मी.

तेव्हा पाऊलवाट, तुम्ही त्याच्या बायकोला विचारलंत का, की पैशांचं तिला माहीत आहे का? नसेल तर कागदावर आधी तिला कळता कामा नये. माहीत असेल तर तिलाच विचारा, पोरीसाठी हे लिहू का म्हणून. अकरा मित्रांनी मिळून ठरवायची ही गोष्ट नाही. आणि इथल्या तिऱ्हाइतांनी तर नाहीच.

आणि हो, आठवण येते. रोज येते. कुणी विचारायच्या आत सांगून टाकते.

उंटावरचा_शहाणा

काकू, तुमच्या प्रतिसादावर विनोद सुचत नाहीये, ही माझ्यासाठी मोठी घटना आहे.

आमच्यातल्या एकाने आजारपणात सगळ्यांना बोलावून ताकीद दिली होती. "माझ्याबद्दल बोलताना कुणी 'हसतमुख', 'दिलदार' किंवा 'यारों का यार' म्हणालं तर मी उठून बसेन." त्याच्या शोकसभेत तिसऱ्याच वक्त्याने "हसतमुख" म्हटलं. आम्ही पाच जण एकदम त्याच्या फोटोकडे बघायला लागलो. मग एकाला हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच. त्याच्या आईने मागे वळून पाहिलं. मला वाटलं आता खैर नाही. तर ती म्हणाली, "मलाही सांगितलं होतं त्याने."

जुनं_पान

उशिरा आलो. लिहायला किती वेळ लागावा यावर एकच सांगतो. इंग्रज कवी टेनिसनचा मित्र आर्थर हॅलम १८३३ साली व्हिएन्नामध्ये अचानक गेला, वय २२. टेनिसन त्याच्यावर तुकड्यातुकड्यांनी लिहीत राहिला आणि ते सगळं छापून आलं १८५० साली. म्हणजे सतरा वर्षं. तेही पहिल्यांदा स्वतःचं नाव न घालता. पुढे मुलगा झाला त्याचं नाव हॅलम ठेवलं.

दोन-चार पानांसाठी तुमच्याकडे अजून सोळा वर्षं आहेत.

निवांत

मुलगी तोपर्यंत वीस वर्षांची होईल. तसं बघितलं तर वेळेवरच.

पाऊलवाट (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितोय. मध्ये बरंच झालं.

काकूंचं ऐकून वहिनींकडे गेलो. अर्धा तास इकडचं तिकडचं बोललो, मग एका दमात पैशांचं सांगितलं. म्हटलं, परत मागायला आलेलो नाही, फक्त लिहू का ते विचारायला आलोय. त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे माझं माहीत नव्हतं, बाकी दोघांचं होतं. त्या आत गेल्या आणि खिशात मावेल अशी एक वही घेऊन आल्या. कोपरे झिजलेली, रबर लावलेली. म्हणाल्या, "हे त्याच्या बॅगेत होतं. मला निम्मं कळत नाही, तुम्ही बघा."

आधी अक्षराचं सांगतो, काजवांनी विचारलं होतं म्हणून. एवढ्या दांडग्या माणसाचं अक्षर मुंगीएवढं आणि रेखीव. ओळ सोडून कुठे बाहेर गेलेलं नाही.

वहीत आम्ही सगळे होतो. प्रत्येकाच्या टोपणनावाखाली टिपणं. कुणाच्या मुलाची परीक्षा कधी, कुणाच्या आईचा कुठला गुडघा, कुणाची नोकरी गेली आहे पण त्याने अजून सांगितलेलं नाही म्हणून "विचारू नये". डब्यातल्या अनोळखी माणसांचीही नावं होती, गाडीच्या वेळेसकट. आम्हाला वाटायचं याला सगळं लक्षात कसं राहतं. राहत नव्हतं. तो लिहून ठेवत होता आणि भेटीच्या आधी बहुधा वाचत होता. एका पानावर तर विनोदाची नुसती शेवटची वाक्यं लिहिलेली, दोन खोडलेली. मामांचा किस्साही आहे, आणि त्यात सरपंचाने मामांना उठवल्यावर मामा काय म्हणाले तेही. ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. इथे लिहीत नाही, ते मुलीसाठी ठेवलंय.

शेवटून चौथ्या पानावर "देणी". मी श्वास रोखून वाचलं. सात नावं, पुढे आकडे, तिघांपुढे बरोबरची खूण. माझं नाव नाही. दोनदा वाचलं. उलटसुलट पानं चाळली. नाहीच. त्याने माझे पैसे उधारी म्हणून धरलेच नव्हते, की लिहायला लाजला, की साफ विसरला, काही कळायला मार्ग नाही. मला इतका राग आला की वहिनींसमोर हसूच आलं. त्यांनी विचारलं काय झालं, तर मी पान दाखवलं. त्यांनीही नावं मोजली आणि म्हणाल्या, "असाच होता मेला." आणि मग दोघंही गप्प.

मग माझं पान काढलं. पाचच ओळी. वडिलांचं ऑपरेशन. बायकोच्या बढतीची तारीख. मी कुठल्या विषयावर चिडतो ते. चौथी ओळ, "हा नाही म्हणतो तेव्हा दोनदा विचारावे." आणि सगळ्यात वर, शाई बदललेली, म्हणजे बरीच जुनी:

"डावा कान. उजवीकडे बसणे."

मी त्याला कधी कानाचं सांगितलं नव्हतं.

लिहायला घेतलंय. खुर्चीपासून सुरुवात केली आहे. पैशांचंही आहे, वहिनी हो म्हणाल्या. ग्रुपवर मी काय लिहिलं होतं ते शब्दशः टाकलं नाही, पण लिहिलं होतं हे सांगितलंय. जिन्यातल्या मित्रालाही बसवलं लिहायला. डॉक्टरांचा निरोप त्याला छापून दिला, तो त्याने घडी करून पाकिटात ठेवला.

काजवा

परवानगी विचारली होती तुम्ही, उत्तर द्यायचं राहिलं. दाखवा वहिनींना. आणि ती वही फोटो काढून तीन ठिकाणी साठवून ठेवा, प्लीज. पान न् पान. खोडलेले विनोदसुद्धा.

टाकसाळ

खोडलेले आधी.

खडूस_काकू

वहीत तिचं पान होतं का? बायकोचं?

पाऊलवाट (धागाकर्ता)

होतं, काकू. पहिलंच. ते मी वाचलं नाही. दुमडून पुढे गेलो.

खडूस_काकू

बरं केलंत. आणि पैसे?

पाऊलवाट (धागाकर्ता)

बुडाले.